कागद न धरता

५ जानेवारी, रविवार
चर्चमध्ये उपासना साडेनऊला. थंडी कडक. पुढच्या दोन बाकांवरील मंडळी उन्हाच्या शोधात मागे सरकलेली.
विनंतीपेटीत सहा चिठ्ठ्या. पेटीची किल्ली माझ्याकडे असते. त्या चिठ्ठ्या वाचून, त्यांचा क्रम लावून, सर्वांची मिळून एक मध्यस्थीची प्रार्थना रचणे आणि ती वेदीजवळ उभे राहून वाचणे, हे मंडळीचा सचिव या नात्याने एकोणीस वर्षांपासून माझे काम आहे. आज पहिल्या तीन नेहमीच्या: परीक्षा, गुडघे, नातवाची नोकरी. चौथी एस.टी.च्या कुठल्याशा छापील कागदाच्या पाठीवर, मोठ्या तिरप्या अक्षरात:
‘घशाचं ऑपरेशन हाय. २८ तारखेले, औरंगाबादले. आवाजाची पेटी काढून टाकनार म्हनते डाक्टर. मंडळीले म्हना, प्रार्थना करा. अन् दादाले म्हना, माह्यासाठी लिहून आनलेली नको. कागद न धरता कर म्हना.’
अक्षर विल्सनचे. माझा धाकटा भाऊ. येथून, बुलढाण्याहून, वीस किलोमीटरवर, धाडला राहतो. त्याच्या घशात काय आहे ते मला पेटीतून कळले. चिठ्ठी त्याने कोणाकरवी टाकली, ठाऊक नाही.
उपासनेत वाचले ते असे: ‘आमचे बंधू विल्सन यांच्यावर होऊ घातलेल्या शस्त्रक्रियेत, हे दयाळू पित्या, तुझा समर्थ हात वैद्यांच्या हातांवर राहो.’ शेवटच्या दोन ओळी वगळल्या.
घरी येताना सौ.ने विचारले, “चिठ्ठीत एवढंच होतं?”
हो म्हणालो.

७ जानेवारी, मंगळवार
पहाटे साडेपाचला नेहमीप्रमाणे गुडघ्यांवर. यादीही नेहमीप्रमाणे: मंडळी, पाळकसाहेब, महाविद्यालय, सौ., दोन्ही मुली, आजारी, प्रवासी. यादीत वि. कोठे घालावा याचा निर्णय होईना. ‘आजारी’मध्ये घातला. मग वाटले, ‘कुटुंब’मध्ये हवा. चार वर्षांपूर्वी तेथूनच तो निघाला होता. काढला, असे म्हणणे अधिक अचूक.
वि.चे घर एस.टी. थांब्यापासून चार मिनिटांवर. आज तेथे उतरलो नाही. उतरण्याचे कारणही नव्हते, कारण गेलोच नाही. हे वाक्य का लिहिले, कळत नाही.

८ जानेवारी, बुधवार
निदान येथे तरी सर्व सरळ लिहावे.
चार वर्षांपूर्वी ग्रेसचे लग्न झाले. वि.ची एकुलती मुलगी. मुलगा जानेफळचा, शिक्षक, हिंदू, घर चांगले. लग्न मंगल कार्यालयात. हळद, मंगलाष्टके, कन्यादान, सर्व यथासांग, आणि कन्यादानाला वि. स्वतः बसला. मंडळीच्या कमिटीने नियमाप्रमाणे त्याला एक वर्ष भाकर-द्राक्षारसाच्या प्रभुभोजनापासून दूर ठेवले. ठराव मी लिहिला. वाचून दाखवला तोही मीच. भाषा निर्दोष होती. वर्ष संपल्यावर परत येण्यासाठी एकच अट: सभासदाने स्वतःच्या सहीचा लेखी अर्ज द्यावा.
वि.ने दिला नाही. म्हणाला, “मी देवाले तोंडी सांगून टाकलं.”
मी म्हणालो, “तोंडी अर्जाची नोंद होत नाही.”
आमचे शेवटचे बोलणे ते. त्यानंतर तो चर्चची पायरी चढला नाही. बसमध्ये दोनदा भेट झाली. तो वाहक, मी प्रवासी. तिकीट दिले, घेतले.

१० जानेवारी, शुक्रवार
फोन हाती घेतला. त्याचा क्रमांक अजून ‘विल्सन धाकटा’ या नावाने आहे. थोरला कोणी नाही, तरी.
ठेवला.

१२ जानेवारी, रविवार
पाळकसाहेबांनी प्रार्थनेवर उपदेशमाला सुरू केली आहे. आज दुसरा भाग. वय एकतीस, मूळचे जालन्याकडचे, बोलताना हात फार हलवतात. आजचे सूत्र: प्रार्थना म्हणजे मागण्यांची यादी नव्हे, ती देवाबरोबरची ओळख आहे, लेकरू बापाच्या मांडीवर येऊन बसते तेव्हा काही मागायलाच आलेले असते असे नाही. ऐकायला बरे. पण ‘ओळख’ हा शब्द सैल आहे. ओळखीला दोन पक्ष लागतात, आणि दुसऱ्या पक्षाकडून काहीतरी यावे लागते.
उपासनेनंतर त्यांना तसे म्हणालो. “पाळकसाहेब, कार्यालयात जावक नोंदवही असते तशी आवकही असते. माझी जावक जवळजवळ पन्नास वर्षांची आहे. आवकेत एक पान लिहिलेले नाही. साधी पोचसुद्धा नाही. याला ओळख म्हणावे, की एकतर्फी पत्रव्यवहार?”
हसले नाहीत, हे बरे केले. म्हणाले, “काका, राग येऊ देऊ नका. तुम्ही प्रार्थनेत मंडळीला देवाची ओळख करून देता. फार सुंदर करून देता. पण तुमची आणि त्याची काही ओळख आहे का, हे मला कधी कळलं नाही. काकूंशी बोलायच्या आधी तुम्ही मुद्दे काढता का?”
सौ. सतरंजी गुंडाळत होती. मागे न वळता म्हणाली, “काढतात.”
पाळकसाहेब हसले. मीही हसल्यासारखे केले. दिवसभर ते वाक्य पायात घुसलेल्या कुसळासारखे.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. महाविद्यालयाच्या कार्यालयातील देशपांडे बाई काल सुटीपूर्वीच तिळगूळ देऊन गेल्या. “साहेब, गोड बोला.” आधी बोलावे तर लागेल.
सुटी असल्याने पाळकसाहेबांनी सुचवलेला प्रयोग केला: काहीही न मागता, काहीही न म्हणता, दहा मिनिटे देवासमोर बसणे. नोंद:
पहिली तीन मिनिटे: पाण्याची मोटार बंद केली की नाही. (केली होती.)
चार ते सहा: बारावीच्या प्रवेशपत्रांतील एका विद्यार्थिनीचे आडनाव चुकलेले आहे.
सातव्या मिनिटाला: कोणीतरी पाहत आहे असे वाटले. डोळे उघडले. सौ. दारात होती.
“काय करताय?”
“सहवास.”
“माझ्याशी करा की कधी,” म्हणाली आणि हरभऱ्याची भाजी निवडायला बसली. निवडताना ओठ हलत होते. विचारले, काय पुटपुटतेस. म्हणाली, “रत्नाचं सांगून राह्यले त्याला. एकटी कशी धावपळ करत असेल दवाखान्यांची.” रत्ना म्हणजे वि.ची बायको. सौ. तिच्याशी फोनवर बोलते, हेही मला आजच कळले. किती दिवसांपासून, ते विचारले नाही.
डोळे उघडे, हातात भाजी, प्रारंभ नाही, समाप्ती नाही. आणि तिला पोच मिळते की काय, चेहरा तरी तसाच.

१६ जानेवारी, गुरुवार
एक मार्ग सुचला आणि दिवसभर बरे वाटले. अडचण केवळ अर्जाची आहे. वि.ला लिहिण्याचा कंटाळा, त्यात आजार. मजकूर मी तयार करून नेला तर त्याला सहीचेच काम उरते. तातडीच्या कारणास्तव कमिटी एकाच बैठकीत मंजूर करील, आणि २८ पूर्वी पाळकसाहेब त्याला घरी प्रभुभोजन देऊ शकतील.
मधल्या सुटीत मजकूर केला. ‘मी, खाली सही करणार, माझ्याकडून घडलेल्या प्रमादाबद्दल अंतःकरणपूर्वक पश्चात्ताप व्यक्त करतो...’ एक पान. तीनदा वाचला. ‘अंतःकरणपूर्वक’ ठेवावा की काढावा? ठेवला. स्वच्छ टंकून घेतला.
नियमही राहतो आणि भाऊही.

१८ जानेवारी, शनिवार
धाडला जाऊन आलो. सर्व क्रमाने लिहितो.
अंगणात उन्हात खाट, त्यावर वि. मफलर. अर्धा झाला आहे. आवाज, ज्याने भरल्या गाडीतली शेवटची ओळ हलत असे आणि नाताळात चर्चचे पत्रे, तो आता करवतीसारखा. मला पाहून उठला नाही. म्हणाला, “रत्ने, पाह्य कोन आलं. सचिव सायेब. खुर्ची आन, त्यायले खाटीवर बसता येत नाही.”
मी खाटेवरच बसलो.
रत्ना चहा घेऊन आली. “दादा, यायचं काही आयकू नका. डाक्टरनं बोलू नका म्हनलं, तं दिवसभर बोलूनच राह्यले.”
वि. म्हणाला, “दहा दिवसाचा स्टॉक हाय. कोनासाठी ठेवू?”
थोडा वेळ तुरीबद्दल, ग्रेसबद्दल. तिला मुलगा झाला आहे, सव्वा वर्षाचा. मला माहीत नव्हते. मग मी खिशातून अर्ज काढला.
“हे काय हाय?”
“तुझा अर्ज. सही तेवढी कर.”
त्याने चष्मा लावला. पूर्ण वाचला, सावकाश, ओळीखाली बोट ठेवून. मग हसू लागला, हसता हसता खोकला, रत्ना पाठ चोळू लागली.
“दादा, माही माफीबी तूच मागून टाकली! मंग एक काम कर. स्वर्गातबी माह्या बदल्यात तूच चालला जाय. तिथं सही लागन तं सांग.”
मी म्हणालो, “विल्सन, हे तुझ्याच भल्याचे आहे. नियमाप्रमाणे—”
“नियम मले पाठ हाय. हळद लावली, कन्यादान केलं, कबूल हाय. पोरीच्या डोळ्यात पानी पाह्यलं, म्हून केलं. चूक हाय का बरोबर, ते मी अन् तो पाहून घेऊ. चार वर्सं झाले, आमचं रोज बोलनं हाय.”
“कोणाशी?”
“त्याच्याशी. तुह्या फायलीतला नाही, खरा.”
मला विचारल्यावाचून राहवले नाही. “तो काय म्हणतो?”
वि.ने चष्मा काढला. म्हणाला, “काही म्हनत नाही. ऐकते. पहिल्यांदा मी लय भांडलो. काऊन मलेच, काऊन घसाच, पाय काढून घेतला असता तं चाललं असतं. तो ऐकते. आपल्या बाबासारखा. बाबा काही म्हने का कधी? पन घरात हाय, हे समजे.”
मी अर्जाची घडी घातली.
“मले अर्ज नको. प्रार्थना पाहिजे. तुही. कागद न धरता. २८ च्या आंदी. मले तिच्यावर आमेन म्हनायचं हाय. आवाजात. मंग गेला तं जाऊ दे आवाज.”
“आत्ता करतो,” म्हणालो. हात जोडले. डोळे मिटले. पहिला शब्द आला, दातांपर्यंत आला, आणि तेथे थांबला.
बराच वेळ गेला असावा. डोळे उघडले तेव्हा वि. मांजराकडे पाहत होता. माझ्याकडे पाहू नये म्हणून.
“राहू दे,” म्हणाला. “अजून दहा दिवस हाय.”
परतीच्या गाडीत उभाच राहिलो. बसायला जागा होती.

१९ जानेवारी, रविवार
मध्यस्थीची प्रार्थना वाचली. सुरळीत. एकही अडथळा नाही. कागदावरून वाचताना कधीच येत नाही.
हे या वहीत कधी लिहिलेले नाही. लिहितो.
लहानपणी मी अडखळत असे. प, ब, म या अक्षरांवर तर पूर्ण बंद. नवव्या वर्षी चर्चच्या शब्बाथ शाळेत मला उभे केले: प्रार्थना कर. ‘प्र’वर अडकलो. ‘प्रभू’ हा शब्दच निघेना. मुले हसली. तेव्हा चार वर्षांचा वि. बाकावर उभा राहिला आणि खणखणीत आवाजात त्याने माझे वाक्य पूर्ण केले: “प्रभू, आमच्या दादाले बोलता येऊ दे. आमेन.” सगळे पुन्हा हसले. मी त्याला घरी येऊन मारले.
त्या आठवड्यात बाबांनी मला वही दिली. “लिवून आन अन् वाच.” लिहून आणले की अडखळत नसे. तेव्हापासून अठ्ठेचाळीस वर्षे लिहून आणतो आहे. लोक म्हणतात, सचिवसाहेबांची भाषा! कार्यालयातही आधी टिपण, मग बोलणे. सौ.शीही, असे दिसते.
म्हणजे मी देवाशी जे काही बोललो, ते सर्व बाबांच्या त्या वहीच्या आड उभे राहून. खोटे नव्हते. पण आड होतो.
मग पाळकसाहेब ज्याला ओळख म्हणतात तिची अट काय, अडखळणे? हा प्रश्न त्यांना विचारणार नाही.

२२ जानेवारी, बुधवार
गच्चीवर, संध्याकाळी, एकटा, मोठ्याने सराव. वाक्य: ‘प्रभू, माझ्या भावाला बरे कर.’ अकरा प्रयत्नांत दोनदा पूर्ण. शेजारचे तायडे खालून म्हणाले, “भाऊसाहेब, कोनाशी बोलून राह्यले?” फोनवर, म्हणालो.
प्रार्थनेचा सराव करावा का? सराव केलेले बोलणे म्हणजे पुन्हा कागदच, फक्त न दिसणारा. पण न सराव करता गेलो तर शनिवारसारखेच होईल. दोन्ही बाजूंनी अडकलो आहे.
देवाला माझे म्हणणे आधीच माहीत असेल तर मोठ्याने म्हणण्याचा हेतू काय? त्याला कळावे हा नसावा. वि.ला कळावे? की मला?
यादीशिवाय झोपायला गेलो. यादीशिवाय म्हणजे काहीच न म्हणता.

२४ जानेवारी, शुक्रवार
सौ.ला चिठ्ठीतल्या त्या वगळलेल्या ओळी सांगितल्या. ती म्हणाली, “रत्नानं त्याच दिवशी सांगितलं होतं.” म्हणजे मी खोटे बोललो तेव्हा तिला ठाऊक होते. एकोणीस दिवस काही म्हणाली नाही.
“मग बोलली का नाहीस?”
“तुम्ही कधी सांगता त्याची वाट पाहत होते. सांगितलं की नाही आता?”
स्वैपाकघरात उभाच. तिने हातात कोथिंबिरीची जुडी दिली, निवडायला.

२६ जानेवारी, रविवार
सकाळी महाविद्यालयात ध्वजवंदन, तेथून तसाच उपासनेला. पाळकसाहेब म्हणाले, अर्जाविना प्रभुभोजन देण्याची त्यांची तयारी आहे, मात्र ठराव कमिटीचा आहे, तो कमिटीनेच मागे घ्यावा. म्हणजे मांडावा मीच. पुढची बैठक ९ फेब्रुवारीला. तातडीची बैठक बोलावण्याचा अधिकार सचिवाला आहे. हा नियमही मीच लिहिलेला.
बोलावली नाही. कारण? सूचना तीन दिवस आधी द्यावी लागते. दिवस दोन उरले आहेत. सोळा तारखेला अर्ज टंकण्याऐवजी सूचना टंकली असती तर वेळ पुरला असता.

२७ जानेवारी, सोमवार
संभाजीनगर. दवाखाना, तिसरा मजला. रजा टाकून सौ.सह गेलो. धाडवरून गाडी गेली तेव्हा रस्त्यालगतच्या अंगणात वि.च्या खाटेची जागा रिकामी दिसली.
ग्रेस होती, तिचा नवरा, मुलगा. मुलाने माझे पेन घेतले. ग्रेस म्हणाली, “मोठे बाबा, याला आशीर्वाद द्या.” डोक्यावर हात ठेवला. शब्दांची गरज पडली नाही.
संध्याकाळी पाच ते सहा भेटीची वेळ. वि. पांढऱ्या कपड्यांत, खिडकीकडे. मला पाहून मोठ्याने, म्हणजे उरला होता तेवढ्या आवाजात: “आला का दादा! चला, पुढं सरका, मधात जागा हाय.” शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ हसले.
मग म्हणाला, “कर.”
मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. प्रारंभ केला. ‘प्र’. ‘प्र’. पुन्हा. खोलीतले सर्वजण जमिनीकडे पाहू लागले. तो क्षण मला नवव्या वर्षापासून ठाऊक आहे.
आणि मी खिशातून कागद काढला.
होय, नेला होता. रविवारी दुपारी लिहिला होता, दोन परिच्छेद, गरज पडल्यास म्हणून. वाचला. उत्तम वाचला. ‘हे करुणानिधी, ज्याने या देहाला रचले’ इत्यादी. रत्ना रडली. सर्वजण म्हणाले, आमेन.
वि. म्हणाला नाही.
डोळे उघडून पाहत होता. रागाने नव्हे. गाडीत कोणी चुकीच्या थांब्याचे तिकीट मागितले की तो ज्या नजरेने पाहत असे, त्या नजरेने. मग माझा हात डोक्यावरून काढून हातात घेतला. सहा वाजले. परिचारिका आली. मी दारापर्यंत गेलो तेव्हा त्याने अंगठीने खाटेच्या लोखंडी दांडीवर दोनदा टक टक केले. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. त्याची तीस वर्षांची सवय.
“चाल मंग,” म्हणाला. “सोड गाडी.”
त्याच्या आवाजातले मी ऐकलेले हे शेवटचे.

२८ जानेवारी, मंगळवार
सकाळी आठला आत नेले. दुपारी दोनला बाहेर. शस्त्रक्रिया पार पडली. काढलेल्या भागाची तपासणी व्हायची आहे, अहवालाला आठवडा. तो चांगला आला तर किरणांनी शेकणे तेवढे. न आला तर... पुढे डॉक्टरांनी वाक्य पूर्ण केले नाही.
बाकावर सहा तास. प्रार्थना म्हणावी असे काही झाले नाही. एकच वाक्य पुन्हा पुन्हा: त्याने मागितले होते, तू ऐकलेस ना, एवढेच मागितले होते.
हे कोणाला उद्देशून म्हणत होतो? स्वतःला म्हणावे तर ‘तू’ येत होते, आणि मी स्वतःला तू म्हणत नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार
बुलढाणा. कार्यालय. विद्यार्थिनीचे आडनाव दुरुस्त झाले.
रत्नाचा फोन सौ.ला: शुद्धीत आहेत, नाकातून नळी, गळ्याला भोक, तेथून श्वास. पाटी दिली आहे लिहायला. पहिले काय लिहिले असेल? ‘तिकिटाचे पैसे कोन देईन.’ परिचारिकेला समजलेच नाही.
सौ. हसता हसता रडली. मी गच्चीवर गेलो. सराव केला नाही. नुसता उभा होतो. तायड्यांनी या वेळी काही विचारले नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
पेटीत पाच चिठ्ठ्या. उघडल्या, वाचल्या, मजकूर केला नाही. पाळकसाहेबांना म्हणालो, आज आपण करा. त्यांनी विचारले, बरे नाही का? म्हणालो, आहे.
बाकावर बसून पहिल्यांदाच ऐकली. पाळकसाहेबांचे एक वाक्य व्याकरणात चुकले. कोणाचे काही बिघडले नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार
आज पुन्हा संभाजीनगर, एकटा. अहवाल अद्याप नाही, गुरुवारी म्हणतात. रत्नाला खाली जेवायला पाठवले. दोघेच.
वि. उशीला टेकून बसलेला. गळ्यात पांढरी पट्टी, त्यातून श्वासाचा शिटीसारखा आवाज. मला पाहून पाटी उचलली. लिहिले: ‘अर्ज आन. आता सही करतो. लिहिनंच राह्यलं नशिबात.’ आणि खांदे हलले. हसण्याला आवाज नव्हता, पण हसणे तेच.
“आणला नाही,” म्हणालो. खरेच आणला नव्हता. खिसे उलटे करून दाखवले: रुमाल, तिकीट, घराची किल्ली.
पाटी पुसली. लिहिले: ‘बोल.’
मी त्याचा हात धरला. डोळे मिटले नाहीत. मिटले तर पुन्हा शब्बाथ शाळेत पोहोचतो. ‘प्र’वर अडकलो. ठाऊकच होते. वि. माझ्या तोंडाकडे पाहत होता. त्याचे ओठ हलले. माझे वाक्य पूर्ण करायला तो पुढे झाला, पूर्वीसारखा, सवयीने. गळ्यातून नुसता वारा आला.
मला वाटले, येथेच संपले. थांबलो.
तेव्हा अंगठीने दांडीवर टक. टक.
मग मी तो शब्द सोडून दिला. दुसरीकडून शिरलो. काय म्हणालो ते आठवते तसे लिहितो, सुधारणा करणार नाही: “देवा, मले येत नाही. हा म्हने, बोल. काय बोलू? याचा आवाज घेतला तू. मी मा... मा... मागितला नाही तुले, वाचून दाखवला. मले भेव वाटून राह्यलं. गुरुवारचं भेव वाटून राह्यलं. हा पाह्यजे मले.” मध्ये तीन ठिकाणी बंद पडलो. तिन्ही वेळा टक टक.
घरची बोली. अठ्ठेचाळीस वर्षांत तोंडातून निघाली नव्हती. कोठे होती, देव जाणे. हे सवयीने लिहिले. पण असू दे.
पोच मिळाली का? मिळाली असे लिहिण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही. खोलीत आम्ही दोघेच आहोत असे मात्र मला वाटले नाही. आजवर बाजूला कोणी आहे हे नेहमी शब्दांनी सिद्ध करावे लागे. आज शब्द संपले होते.
पुढे काय म्हणावे ते सुचेना. समाप्तीचे वाक्य येईना. वि.ने पाटी जवळ ओढली. मला वाटले, आता आमेन लिहील. पेन्सिल टेकवली, थोडा वेळ तशीच धरली, आणि ठेवून दिली. तेवढ्यात रत्ना आली, मागोमाग परिचारिका.
निघताना विचारले, “लिहिले का नाहीस?”
पाटीवर: ‘संपली कुठं.’

५ फेब्रुवारी, बुधवार
नऊ तारखेच्या बैठकीची सूचना काढली. विषय एकच: बंधू विल्सन यांस प्रभुभोजनास परत घेणे. ‘संदर्भ: अर्ज’ या ओळीवर बराच वेळ थांबलो. मग लिहिले: तोंडी. कमिटीतील दोघे आक्षेप घेतील, नियम दाखवतील, तो नियम माझ्याच शब्दांत आहे. मला उभे राहून बोलावे लागेल. टिपण नेणार नाही असे आज तरी ठरवले आहे.
उद्या गुरुवार.
पहाटेपासून कालची ती प्रार्थना मध्येच सुरू होते, भाजी आणताना, सही करताना, आणि मध्येच अडकते. आमेन अजून कोणीच म्हटलेले नाही.